परड्यातला तिसरा थर

१३ मे, सोमवार

वही नवी, माणूस जुनाच. अम्मी म्हणाली, "चार दिवस लिहिशील, मग मला बांगड्या गुंडाळायला कागद होतील." (घरात आम्ही दखनी बोलतो. वहीत मराठीच लिहिणार. शाळेत तेवढीच एक गोष्ट नीट शिकलो.)

तर नोकरी लागली. तेरा दिवसांची. सांगलीच्या तरन्नुम मॅडम पुरातत्त्वाच्या आहेत, मुलांसाठी ऑनलाइन उन्हाळी शिबिर घेतायत. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या खोदकामावर पाट्या उचलल्या होत्या. बारावी अर्धवट, मग ट्रकवर क्लीनर, मग मोबाइलचं दुकान, मग फळांचा गाडा. एका जागी सलग तीन आठवडे थांबलो तो त्या खड्ड्यापाशीच. म्हणून असेल, मॅडमनी फोन केला. काम असं की मुलांचे माइक बंद-चालू करायचे, कुणाचं नेट गेलं तर घरच्यांना फोन लावायचा, आणि फिरताना काही जुनं दिसलं तर लाइव्ह दाखवायचं. फिरताना हा शब्द ऐकून मी लगेच हो म्हटलं.

बावीस मुलं आहेत. मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन वह्या घ्यायला लावल्या. एका वहीत माणसं काय सांगतात ते, दुसऱ्या वहीत माती काय सांगते ते. "शेवटच्या दिवसापर्यंत दोन्ही वह्यांची भेट घालायची नाही," म्हणाल्या. आणि प्रत्येकानं घरच्यांना विचारून आपल्या दारात एक मीटर लांब, एक मीटर रुंद खड्डा घ्यायचा. खुरप्यानं, थराथरानं. ज्यांना अंगण नाही त्यांनी घरातली जुनी ट्रंक वरून खाली उपसायची.

सांगलीचा राजवर्धन म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं जेसीबी हाय."

मॅडम म्हणाल्या, "मग तुला खुरपं मीच पाठवते."

१५ मे

आज मला माहुलीच्या बाजूला एक वीरगळ दाखवायचा होता. निघालो, तर वाटेत एक माणूस मसाला वाटायच्या पाट्याला टाकी लावत बसलेला. टाकी लावणारे आता दिसतात कुठं? थांबलो. फोन तसाच चालू केला. तो टिचटिच करत एका ओळीत खाचा पाडतो, आणि खाचांची दिशा बघून कुणी काम केलंय ते त्याच्या जातभाईला ओळखू येतं म्हणे. मुलं अर्धा तास गप्प. वीरगळ राहिलाच.

मॅडम नंतर म्हणाल्या, "अजहर, पत्ता सांगितलेल्या ठिकाणी तू आयुष्यात कधी पोचलायस का?"

कोयनानगरची अरिबा रोज एक प्रश्न विचारते. आजचा असा: भूकंपात थर जागचे हलतात का, आणि हलले तर नंतर खोदणाऱ्याला कसं कळणार? मॅडम खुर्चीत सरळ होऊन बसल्या. मी पण बसलो असतो, पण मी रिक्षात होतो.

१६ मे

माणसांची वही. मुलांनी घरातल्या मोठ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं.

माण तालुक्यातली शिवांजली, अकरा वर्षांची. आईबाप मुंबईला कामाला, ही शाळेसाठी गावी आजी-आजोबांजवळ. शिबिराचं तिथं अम्मीनंच सांगितलेलं. दहिवडीच्या पुढच्या गावांत अम्मीची बांगड्यांची फेरी असायची, गुडघे दुखायला लागेपर्यंत.

तिचे आजोबा नाथाजी फौजेतले. मिशी पिळूनच बसले. त्यांनी सांगितलं ते तिच्या वहीत असं आहे, मी फोटोवरून उतरवून घेतलं:

"नव्व्याण्णवची लढाई. मी वर बर्फात. हिकडं दहिवडीच्या स्टँडवर कुणीतरी पसरवलं, नाथाजी गेला. गेला व्हता दुसराच, माझ्याच नावाचा. पण सांजच्याला घरात रडारड. बाया जमल्या. तुझी आज्जी काय म्हणाली म्हाईत हाय का? काकणाला हात लावाल तर बघा. माझा माणूस जित्ता हाय. आन् गड्या, सकाळी ग्रामपंचायतीत फोन आला, जित्ता हाय! सगळ्यांनी विश्वास ठिवला, हिनं ठिवला न्हाई. आख्ख्या गावात एक बाई. त्या काकणांवर मी परत आलो."

हे त्यांनी सगळ्या गावाला किती वेळा सांगितलं असेल ते त्यांच्या थांबण्यावरून कळतं. कुठं थांबलं की समोरचा 'आँ?' म्हणतो ते त्यांना पाठ आहे. बावीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिवांजली म्हणाली, "आज्जे, ये की हिकडं." आज्जी दिसली नाही. भांड्यांचा आवाज मात्र येत होता.

१८ मे, शनिवार

शिवांजलीचं नेट सारखं जातं, तिचा खड्डा अजून आखलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, जाऊन ये. एसटीनं निघालो. मधे एका फाट्यावर मेंढ्यांची लोकर कातरणं चाललेलं दिसलं म्हणून उतरलो. मेंढी कातरताना ओरडत नाही, कातरून झाल्यावर ओरडते. का? तिथल्या धनगराला विचारलं. तो म्हणाला, "तू केस कापल्यावर आरशात बघून काय करतूस?" पुढची गाडी दीड तासानं मिळाली.

घर नवं, स्लॅबचं. मागं परडं. दोन शेळ्या, शेवगा, मिरचीची चार रोपं. परड्यात एके ठिकाणी माती जरा काळसर वाटली. मी खोदकामावर शिकलेलं सगळं ज्ञान एकदम काढलं. म्हटलं, हिथंच. रंग बदललाय.

नाथाजीआबांनी खुंट्या मारायला सुरुवात केली. तेवढ्यात साळूमावशी, म्हणजे शिवांजलीची आजी, मागच्या दारात आल्या.

"तिथं नगो."

"का गं?" आबा.

"पाणी मुरतंय तिथं."

पाणी कुठून मुरणार? गावात टँकर दोन दिवसांआड येतो. मला वाटलं मिरचीची काळजी असेल. म्हटलं, "मावशी, एक रोप हलणार न्हाई, माझी जबाबदारी."

आबा म्हणाले, "अगं, पोरगा शिकून आलाय. हितंच बगू दे."

शिकून आलाय! मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यापुढं मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा. वाढताना मावशी पदर मनगटापर्यंत ओढून घेत होत्या. विचारलं, "किती खोल जानार तुमी?"

"दोन फूट तरी."

"आन् काय घावलं तर?"

"लिहून ठेवायचं. मॅडमचा नियम आहे, थर लपवायचा नाही."

"शबाना बरी हाय न्हवं?" म्हणाल्या. अम्मीबद्दल एवढं विचारलं आणि तव्याकडं वळल्या.

२० मे

पहिला थर: वेफर्सची पाकिटं, पेनाचं टोपण, शेळीचा दात. दुसरा थर: राख, टॉर्चचा गंजलेला सेल, निळ्या चमकीच्या बांगडीचे तुकडे, लाल-पिवळ्या बांगडीचे तुकडे.

आज तिसरा. शिवांजली पडद्यावरून ओरडली, "अजहरदादा, मातीत वाटी हाय!" वाटी नव्हती. आजूबाजूची माती घट्ट आणि मधेच वाटीएवढी भुसभुशीत, काळी. मॅडमनी सगळ्या मुलांचे माइक बंद करायला लावले. म्हणाल्या, "खुरपं ठेव. चमचा घे."

वाटीत हिरव्या काचा. एकेक करत मुलीनं सतरा तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडले. बारीक बारीक. शेजारी तळहाताएवढा चपटा दगड.

"मुलांनो, वरच्या थरातल्या बांगड्या कशा सापडल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

अरिबा: "इकडे एक, तिकडे एक."

"आणि या?"

"एकाच ठिकाणी. खळग्यात."

"म्हणजे या पडलेल्या नाहीत. कुणीतरी खळगा करून पुरल्यात." मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. माझाही असणार. कुणी? कधी? बांगड्या कुणी पुरतं का? आबा तर खड्ड्यात उतरूनच बसले होते. "पेशव्यांच्या वेळच्या असतील का हो म्याडम?"

मावशी शेवग्याखाली उभ्या होत्या. फ्रेममध्ये खड्डा नीट यावा म्हणून त्यांना बाजूला सरकायला मी दोनदा सांगितलं.

२१ मे

मी बावळट. माझ्या घरात बांगड्या भरणारी मणेर असताना मी पेशवाई शोधत होतो!

तुकड्यांचे फोटो अम्मीला दाखवले. अम्मीनं चष्मा लावला आणि धडाधड सांगायला लागली. निळी चमकी: "दोन हजार अकरा. त्यांच्या पुतणीचं लग्न. एकदाच आणला तो माल, चमकी हाताला लागायची." लाल-पिवळी: "सात-आठ साल." मॅडमकडं पुस्तकं आहेत, अम्मीकडं गिऱ्हाइकं. तिला सालं हातांवरून आठवतात.

"चुकून वाढलेली बांगडी ओळखायची कशी माहितीये?" म्हणाली. (मणेर बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.) "तिचे दोन-तीन मोठे तुकडे होतात नि लांब उडतात. हातातच दगडावर आपटली तर भुगा होतो, एका जागी राहतो."

मग हिरव्यांचा फोटो. अम्मी बघत राहिली. फोटो बोटांनी मोठा केला.

"हा बाटलीच्या रंगाचा माल. एकाच साली आलेला. नव्व्याण्णव. वटपौर्णिमेला भरला होता मी." एवढं बोलली आणि चष्मा काढला. "हे कुठलं परडं?"

"शिवांजलीचं. तुझ्या साळूबाईंचं."

"बंद कर फोन," म्हणाली आणि उठून गेली. गुडघे दुखत असतील.

मी मात्र लगेच शिवांजलीला मेसेज टाकला: तिसरा थर, इ.स. १९९९, वटपौर्णिमा! कुठल्या पुरातत्त्वाच्या माणसाला सणापर्यंत तारीख लावता आलीये? तिनं वीस टाळ्या पाठवल्या. मॅडमनाही कळवलं. मॅडमनी लिहिलं, "हिवाळ्यात तू माझ्या टीमवर. पाट्या नाही, नोंदी." दिवसभर हवेत होतो. फलटणला जाणाऱ्या गाडीत उगाच बसलो आणि वाढे फाट्यावर उतरून चालत परत आलो.

२२ मे

सकाळी शिवांजलीचा फोन. आवाज बारीक.

"दादा, नव्व्याण्णव म्हंजी आबा लढाईला व्हते तवा?"

"हो."

"वटपुनव कवा असती?"

"जूनच्या आगंमागं."

"मग आज्जीनं काकणं फोडली न्हवती ना? पहिल्या वहीत तसं हाय. दुसऱ्या वहीत काकणं हायत. मग ही कुणाची?"

मी नंतर करतो म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कळलं, आणि तिला माझ्या आधी एक रात्र कळलेलं होतं.

अम्मीला सांगितलं, मी साल कळवलं म्हणून. अम्मीनं हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवला. मारायला हात उचलेल असं वाटलं, त्यापेक्षा वाईट केलं, हळू बोलली.

"मणेराच्या हातात बाईचा हात येतो. नवऱ्याच्या हातात येत नाही एवढा वेळ. कुणाला ताप आहे, कुणाला मारलंय, कुणाला दिवस गेलेत, सगळं कळतं. ते कळलेलं टोपलीत घालून पुढच्या गावाला न्यायचं नसतं. तुझ्या आजीनं मला हे बांगडी भरायच्या आधी शिकवलं होतं. मी तुला शिकवायचं विसरले, तू कधी बसलासच नाहीस."

"तुला माहिती होतं?"

"त्या सकाळी मी फेरीला त्याच गावात होते, मला परड्यात बोलावलं. मनगटं कापलेली. म्हणाली, हाच रंग भर, लवकर, सासू यायच्या आत. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. पंचवीस वर्षं."

मी शिवांजलीला फोन केला. म्हटलं, शनिवारी सगळ्यांना थरांचा तक्ता दाखवायचाय, त्यात तिसरा थर नको दाखवू, दुसरा दाखव, निळी चमकी लय भारी आहे.

"मॅडम म्हणाल्यात थर लपवायचा न्हाई."

"अगं, पण आबांना काय वाटेल?"

"तेच तर." मग रडायला लागली. "आबा मिशीला तेल लावून बसत्यात शनिवारसाठी. म्हणत्यात, परत एकदा सांगू का ती गोष्ट?"

हे सगळं त्या एका जागेमुळं. मी दुसरीकडं खुंटी मारली असती तर? मावशींनी सांगितलेलं, तिथं नगो. एवढ्या साध्या दोन शब्दांत काय अवघड होतं?

२४ मे

मॅडमना काय सांगू? सांगितलं तर अम्मीनं जपलेली गोष्ट पाचव्या माणसाकडं जाते. नाही सांगितलं तर उद्या मॅडम विचारणारच, मणेर म्हणून तुझं मत काय. हिवाळा जाईल. जाऊ दे. मी ठरवलंय, माहीत नाही म्हणणार. शिवांजलीलाही तेच लिहायला सांगितलं. कुणाच्या: माहीत नाही. लपवलं पण नाही, सांगितलं पण नाही. ती म्हणाली, "पण म्हाईत हाय की." अकरा वर्षांच्या पोरीशी बोलणं अवघड असतं.

संध्याकाळी अम्मीनं साळूमावशींना फोन लावला आणि दार लोटून घेतलं. बाहेर मला एकच वाक्य ऐकू आलं. "पोरीला कळलंय साळूबाई. तुमच्यासाठी गप्प बसलीये."

२५ मे, शनिवार

आज शेवट. आजचं आजच लिहिणार.

राजवर्धनला खुरप्यानं चिलीम सापडली होती, त्यानं ती जेसीबीपेक्षा भारी असल्याचं कबूल केलं. अरिबानं ट्रंकेतल्या थरांचा तक्ता केला, तळाला तिच्या नानीची शाळेची वही. मग शिवांजली. परड्यातच उभी, फोन आबांच्या हातात. पहिली वही वाचली. काकणाला हात लावाल तर बघा. आबा फोन हलवून हलवून हसत होते. मग दुसरी वही.

"तिसरा थर. खळगा. हिरव्या काचा, सतरा तुकडे. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. कुणाच्या: म्हाईत न्हाई."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "अजहर, तुझं काय मत?"

"माहीत नाही मॅडम."

"परवा तर सण सांगितलास."

"चुकलं असेल."

अम्मी माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि मग साळूमावशींचा आवाज आला. "मला म्हाईत हाय. माझ्या हायत."

पडद्यावर मिशी दिसली, मग आभाळ. फोन आबांच्या हातातून सुटला होता. उताणा पडला असावा, कारण पुढं सगळा वेळ फक्त शेवगा दिसत होता. आवाज मात्र येत होता.

"रात्री म्हटलं व्हतं मी तसं. खोटं न्हाई ते. पहाटंपतूर टिकलं न्हाई. ह्या दगडावर फोडली. कुणाला उठिवलं न्हाई. उजाडलं आन् फोन आला."

बावीस मुलांच्या घरांतले पंखे ऐकू येत होते. मी माइक बंद करायला हवे होते, माझं कामच होतं ते. सुचलं नाही.

"मग मी आजवर सांगत व्हतो ते?" आबा.

"तुमी सांगत व्हता. मी कवा सांगितलं? तुमी आलात ते काकणांकडं बघतच आलात. आईंनी तुमाला सांगून ठिवलेलं. मी काय म्हणणार, न्हाई म्हणू? दर वेळी तुमी सांगायचा, आन् मी आत जाऊन भांडी घासायची. घासलेली परत घासायची."

शेवग्याचं एक पान पडद्यावर आलं आणि गेलं.

"म्हंजी तू मला मेल्यालं धरलंस," आबा म्हणाले.

"धरलं. एक पहाट."

"आन् एकटी बसलीस हितं."

"व्हय."

मग आबांचा आवाज, पण गोष्ट सांगतानाचा नाही, दुसराच.

"लागलं का गं तवा हाताला?"

मावशींचं उत्तर ऐकू यायच्या आत पडदा काळा झाला. नेट गेलं की शिवांजलीनं बंद केलं, माहीत नाही. हे मात्र खरंच माहीत नाही.

मॅडमनी चष्मा पुसला. मुलांना म्हणाल्या, "आता दोन्ही वह्या शेजारी ठेवा. एकीतलं खोडू नका." मग मला वेगळा फोन केला. रागावल्या. मला हिवाळ्यात घेणार की नाही याचा विचार करतायत. नोंदी ठेवणारा माणूस खोटं 'माहीत नाही' लिहू शकत नाही, म्हणाल्या. अम्मी पलीकडून म्हणाली, "मग त्यांना सांग, मणेर लिहू शकतो." सांगितलं नाही.

३० मे

शिबिर संपून पाच दिवस झाले तरी वही उघडली, याची नोंद असावी.

नाथाजीआबांचा फोन आला. मला वाटलं शिव्या देणार. ते म्हणाले, "खड्डा बुजवायची काय पद्धत असती रं?" मी सांगितलं, माती उलट्या क्रमानं टाकायची, दाबायची, वर पाणी मारायचं.

"बरं. पर आठ दिस ऱ्हावू दे का उघडा?"

"राहू द्या की आबा. कशाला पण?"

"कशाला न्हाई," म्हणाले आणि फोन शिवांजलीला दिला.

ती वैतागली होती. सगळं भराभर सांगितलं. आबांनी आता गोष्ट सांगणं बंद केलंय. परवा पारावर कुणीतरी म्हटलं, नाथाजी, सांगा की ती काकणांची, तर म्हणाले, ती माझी न्हाई, हिला इचारा. दोन दिवस घरात बोलले नव्हते. आता रोज ऊन उतरलं की खड्ड्याच्या काठावर जाऊन बसतात, पाय आत सोडून, आणि आज्जीला बोलावतात.

"आन् माझ्यासारखे प्रश्न इचारत्यात दादा! तवा उजाडलं व्हतं का? चप्पल घातली व्हतीस का? शेळ्या कुठं व्हत्या? आज्जी म्हणती, मला काय म्हाईत. मग आपआप सांगती. मी लिवून घेत व्हते तर म्हणाली, हे वहीत नगं."

"काल काय विचारलं?"

"काल म्हणाले, त्या रात्री तू जेवली व्हतीस का? आज्जी म्हणाली, आठवत न्हाई. तर म्हणाले, आठव. मी बसलोय."